फिर्यादी कोण?



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयावर, सीमाभागाच्या बोलीवर, कल्याणीच्या चालुक्यांवर अधिकाराने बोलणारी माणसे येऊन गेली. मी पडलो होमिओपॅथीचा डॉक्टर. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा ‘युद्धात भरडलेल्या माणसाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात काय मिळते’ असे मी सांगितले, तर ते म्हणाले, “डॉक्टर, हे हेगचं प्रकरण आपल्या बिदर-गुलबर्ग्यात कुठं?” त्यांचा प्रश्न बरोबर आहे, म्हणून सुरुवात हेगपासून न करता माझ्या दवाखान्यापासून करतो.

होमिओपॅथीत ‘केस घेणे’ हा अर्धा उपचार. पेशंट जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचे, मध्ये तोडायचे नाही, असे आम्हाला शिकवलेले. तीसेक वर्षांपूर्वी बसवकल्याण तालुक्यातल्या, गोर्ट्याच्या बाजूच्या एका खेड्यातली बाई माझ्याकडे आली. साठीच्या घरातली. झोप नाही, वैशाखात दम वाढतो. केव्हापासून, असे विचारल्यावर ती म्हणाली, “रझाकारीत बाप मारला तवापासून.” मी लिहीत होतो. माझ्या हातातल्या पेनाकडे बघत ती म्हणाली, “डॉक्टरसाहेब, लिहून घ्यायला लागलात ते बरं केलं. माझ्या बापाचं नाव आजपत्तोर कुणी कागदावर घेतलं न्हाई.” माझ्या गोळ्यांनी तिची झोप परत आली असे मी म्हणणार नाही. पण ती पुढे कितीतरी वर्षे येत राहिली, आणि प्रत्येक वेळी केसपेपर काढला की ते नाव अजून आहे ना, हे विचारायची.

दोन-तीन वर्षांनी हुमनाबादकडचे एक वृद्ध मुस्लिम गृहस्थ आले. त्यांचे वडील आणि दोन चुलते पोलीस ॲक्शननंतरच्या पंधरवड्यात गेले. तेही म्हणाले, “डाक्टरसाब, हमारे अब्बा का नाम किधर बी नै है.” भाषा दुसरी, वाक्य तेच.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही, वकीलही नाही. पण ही दोन वाक्ये माझ्या टेबलावर येऊन पडली, आणि अशा माणसांची फिर्याद जगात कुठे घेतली जाते काय, हे मी वाचू लागलो. त्या वाचनातून जे हाती लागले ते आज सांगणार आहे.

आपल्याकडे १९४८ म्हटले की प्रत्येक घरात एक हकीकत निघते, त्यामुळे मी थोडक्यात बोलतो. त्या वर्षी मे महिन्यात गोर्टा गावावर रझाकारांचा हल्ला झाला. सुमारे दोनशे माणसे मारली गेली असे गाव सांगते. आपल्यापैकी कितीतरी जणांची घरे त्या काळात कुलूप लावून सोलापूर जिल्ह्याच्या सरहद्दीवर गेली. आमचेही गेले होते. १३ सप्टेंबरला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गात शिरली. उमरगा, राजेश्वर, हुमनाबाद असा आपल्या दारावरून जाणारा रस्ता धरून ती पुढे सरकली आणि १७ तारखेला निजामाने शस्त्रे खाली ठेवली. ती सुटका होती. ज्याने रझाकारी पाहिली त्याला हे वेगळे सांगायला नको, आणि त्या सुटकेबद्दल आजही माझ्या मनात संकोच नाही.

पण त्यानंतरच्या आठवड्यांविषयी आपण बोलत नाही. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना हैदराबाद संस्थानात पाठवले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते नऊ जिल्ह्यांत फिरले. पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर कमीत कमी सत्तावीस हजार ते चाळीस हजार माणसे मेली, असा त्यांचा अंदाज. मरणारे प्रामुख्याने मुसलमान. सर्वांत अधिक झळ बसलेले जिल्हे त्यांनी चार सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चारांतच अठरा हजार. या आकड्यांवर वाद आहेत. सरदार पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता. रझाकारांनी आधी केलेल्या अत्याचारांची दखलही त्याच अहवालात आहे, आणि ठिकठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवल्याचीही. तो अहवाल कित्येक दशके छापला गेला नाही. २०१३ मध्ये ए. जी. नूराणी यांच्या हैदराबादवरील पुस्तकात तो सर्वांसमोर आला. मी तो वाचला तेव्हा वयाची पन्नाशी ओलांडलेली होती, आणि माझ्या जिल्ह्याचे नाव त्यात पाहून पुस्तक दोन दिवस मिटून ठेवले होते.

एक गोष्ट ध्यानात घ्या. ती मंडळी न्यायालय म्हणून आलेली नव्हती, चौकशी आयोग म्हणूनही नव्हती. आपण सद्भावना मंडळ आहोत, असे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. म्हणजे अंदाज झाला, पण फिर्याद झाली नाही.

मग फिर्याद कोणी केलीच नाही काय? केली. आणि थेट जगाच्या दरबारात केली. २१ ऑगस्ट १९४८ रोजी निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे भारताविरुद्ध तक्रार दाखल केली. १६ सप्टेंबरला, म्हणजे फौजा आपल्या जिल्ह्यातून पुढे जात असताना, पॅरिसमध्ये ती समितीपुढे आली. हैदराबादच्या वतीने मोईन नवाज जंग उभे होते, भारताच्या वतीने रामस्वामी मुदलियार. भारताचे म्हणणे असे की हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्रच नव्हे, त्यामुळे येथे दाद मागण्याचा त्याला अधिकार नाही. आक्रमण झाले की घरातला बंदोबस्त झाला, हा कायद्याचा प्रश्न समितीने कधीच सोडवला नाही. कारण शरणागतीनंतर आठवड्याच्या आतच निजामाने तार करून तक्रार मागे घेतली. विषय मात्र समितीच्या यादीत पुढे कितीतरी वर्षे तसाच पडून राहिला.

ती तार मागे घेण्याबद्दल मला तक्रार नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. त्या तक्रारीत गोर्ट्याच्या त्या बाईचा बाप कुठे होता? नव्हता, कारण ज्याच्या राज्यात तो मारला गेला तोच फिर्यादी होता. आणि हुमनाबादच्या त्या गृहस्थांचे वडील कुठे होते? तक्रार मागे घेतली गेली त्या वेळी ते बहुधा जिवंत असतील. नाहीतर नुकतेच गेले असतील. त्यांच्या नावावर उभे राहायला कोणी उरलेच नाही. फिर्याद राजाची, मागे घ्यायचा हक्कही राजाचा. मेलेल्याला कोणी विचारत नाही.

हे एकट्या निजामाचे नाही. १९७१ च्या युद्धानंतर १९५ पाकिस्तानी युद्धकैद्यांवर बांगलादेशात खटले चालवायचे ठरले. ते थांबवण्यासाठी पाकिस्तान १९७३ मध्ये भारताविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. पुढे वाटाघाटी झाल्या, खटला काढून घेतला गेला, आणि १९७४ मध्ये तिन्ही सरकारांच्या करारात त्या १९५ जणांवरचे खटले सोडून देण्यात आले. शांततेसाठी ते आवश्यक असेलही. पण ज्या बायकांवर, ज्या गावांवर ते अत्याचार झाले, त्यांची सही त्या करारावर नव्हती.

आता आपल्या १९४८ सालातच थोडे थांबू, कारण हे साल जगाच्या दृष्टीनेही मोठे आहे. न्युरेंबर्गचा खटला १९४६ मध्ये संपला होता. शांततेविरुद्धचा गुन्हा, म्हणजे आक्रमक युद्ध रचणे आणि सुरू करणे, यासाठी राज्यकर्त्यांना आरोपी म्हणून उभे करणे ही नवी गोष्ट तिथे घडली. टोकियोच्या तशाच खटल्याचा निकाल नोव्हेंबर १९४८ मध्ये वाचला गेला. त्यात आपले राधाबिनोद पाल हे न्यायमूर्ती होते. त्यांनी बहुमताविरुद्ध जाऊन सर्व आरोपींना निर्दोष ठरवले. जपानने केलेले अत्याचार त्यांनी नाकारले नाहीत. पण युद्ध झाले त्या वेळी आक्रमण हा कायद्याने गुन्हाच नव्हता, आणि जिंकलेल्याने हरलेल्याचा न्याय करणे हा न्याय नव्हे, असे त्यांचे मत. मला पालांचे म्हणणे अर्धे पटते. विजेत्याच्या न्यायालयाला विजेत्याचे गुन्हे दिसत नाहीत हे खरे. पण म्हणून नानकिंगच्या मेलेल्यांनी कोणत्या दारात जायचे, याचे उत्तर त्यांच्या निकालात सापडत नाही.

आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्येच संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वंशसंहाराविरुद्धचा करार संमत केला. तारखा ताडून पाहा: सुंदरलाल आणि त्यांचे सहकारी त्याच दिवसांत निजामाच्या जिल्ह्यांतून हिंडत होते.

हेगचे नाव घेतले की आपण एकच न्यायालय समजतो. तिथे दोन आहेत. जुने आहे ते राष्ट्राराष्ट्रांमधले. तिथे माणसाला प्रवेश नाही, फक्त सरकारे वादी-प्रतिवादी. कुलभूषण जाधव यांचे प्रकरण गेले ते इथे, आणि तेही भारत सरकारने नेले म्हणून. दुसरे म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. रोममध्ये १९९८ साली त्याचा कायदा ठरला, १ जुलै २००२ पासून ते सुरू झाले. हे राष्ट्राला शिक्षा करत नाही, माणसाला करते. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे पहिल्यापासून त्याच्या कक्षेत होते. आक्रमण या गुन्ह्याची व्याख्या मात्र कंपालाला २०१० मध्ये ठरली आणि अधिकार २०१८ च्या जुलैमध्ये लागू झाला. न्युरेंबर्गनंतर सात दशकांनी! भारत या न्यायालयाचा सदस्य नाही. अमेरिका, रशिया, चीनही नाहीत.

त्या व्याख्येत आक्रमणाचे चार टप्पे आहेत: योजना, तयारी, सुरुवात आणि अंमलबजावणी. ते वाचले आणि मला आमच्या पाठशाळेतले पंडितजी आठवले. तत्त्वार्थसूत्रात हिंसेचे हिशेब मांडले आहेत. संरंभ म्हणजे करायचे मनात धरणे, समारंभ म्हणजे साधने गोळा करणे, आरंभ म्हणजे प्रत्यक्ष हात घालणे. (आपण मराठीत लग्नाला समारंभ म्हणतो, पंडितजी त्यावर दर वेळी हसत.) हे तिन्ही मन, वचन, काया यांनी होते. स्वतः केलेले ते कृत, दुसऱ्याकडून करवलेले ते कारित, आणि दुसऱ्याने केलेल्याला मान डोलावली ते अनुमोदित. शिवाय क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय. तीन त्रिक सत्तावीस, गुणिले चार, एकशे आठ. जपमाळेच्या मण्यांचा हा एक अर्थ आमच्याकडे लहान मुलांना सांगतात. आणि गृहस्थाला विरोधी हिंसा, म्हणजे अंगावर आलेल्याला अडवताना होणारी हिंसा, टाळता येत नाही असे म्हणून आचार्यांनी ती संकल्पी हिंसेपासून वेगळी काढली आहे. स्वसंरक्षण आणि आक्रमण हा आजच्या कायद्यातला भेद हाच.

न्यायालय कृत आणि कारित यांच्यापर्यंत पोहोचते. आक्रमणाच्या गुन्ह्यात तर ते फक्त वरच्या माणसाला धरते, ज्याच्या हातात राष्ट्राचे राजकारण किंवा सैन्य चालवण्याची सत्ता आहे त्याला. अनुमोदनेसाठी तिथे कलम नाही. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे.

आता पीडिताकडे वळू. न्युरेंबर्गला पीडित आला तो साक्षीदार म्हणून. साक्ष दिली आणि घरी गेला. रोमच्या कायद्याने पहिल्यांदा त्याला खटल्यात स्वतःची खुर्ची दिली. तो वकिलामार्फत आपले म्हणणे मांडू शकतो, आणि गुन्हा शाबीत झाला तर भरपाई मागू शकतो. फिर्यादी तिथेही तो नाही, फिर्यादीचे काम सरकारी वकिलाकडेच. पण आपल्या सेशन्स कोर्टात मयताचा मुलगा मागच्या बाकावर बसून ऐकत राहतो, त्यापेक्षा हे पुष्कळ आहे.

बोगोरो नावाचे एक खेडे आहे, आफ्रिकेत काँगोच्या इतुरी भागात. २४ फेब्रुवारी २००३ रोजी त्याच्यावर हल्ला झाला. सुमारे दोनशे माणसे मारल्याचा आरोप होता. गोर्ट्याचा आकडा आठवतो ना? म्हणूनच मी या गावापाशी थांबलो. हल्लेखोरांच्या एका टोळीचा नायक जर्मेन कटांगा. त्याला २०१४ मध्ये गुन्ह्यात साहाय्य केल्याबद्दल दोषी ठरवून बारा वर्षांची कैद झाली. मग भरपाईचा भाग आला. ३४१ जणांनी अर्ज केले. कोणाचे घर जळले, कोणाचे कोण गेले, गुरे किती, पीक किती, घरात सामान काय होते, हे न्यायाधीशांनी एकेका अर्जावर तपासले. कागदपत्रे कोणाकडे असणार? वर्षानुवर्षे लढाई चाललेल्या गावात पावत्या सापडत नाहीत हे न्यायालयाने समजून घेतले आणि त्या मानाने पुरावा स्वीकारला. २४ मार्च २०१७ रोजी आदेश झाला: २९७ जणांना प्रत्येकी २५० डॉलर, आणि सर्वांसाठी मिळून घर, रोजगार, शिक्षण, मानसिक उपचार यांची मदत. कटांगाकडे दमडी नव्हती. ते पैसे पीडितांसाठीच्या विश्वस्त निधीने द्यायचे ठरले. हल्ल्यापासून आदेशापर्यंत चौदा वर्षे.

२५० डॉलर म्हणजे किती? एका मृत्यूची, एका घराची ती किंमत नव्हेच. न्यायाधीशांनीही ती प्रतीकात्मक म्हटली. आमच्या घरात मी हे सांगितले तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, ही तर थट्टा झाली. मला तसे वाटत नाही. त्या २९७ अर्जांवर २९७ नावे आहेत, आणि प्रत्येकाखाली एका न्यायाधीशाने ‘हे घडले’ असे लिहिले आहे. माझ्या त्या पेशंटला पैसे दिले असते तर तिने घेतले असते की नाही, सांगता येत नाही. पण ते दोन शब्द तिने देव्हाऱ्यात ठेवले असते.

राष्ट्राराष्ट्रांच्या न्यायालयात हेच कसे होते तेही पाहा. त्याच इतुरी भागावर युगांडाच्या फौजेचा ताबा होता. काँगोने युगांडाला हेगमध्ये खेचले. २००५ मध्ये युगांडा दोषी ठरला; रक्कम ठरायला २०२२ उजाडले. साडेबत्तीस कोटी डॉलर, पाच वार्षिक हप्त्यांत. रक्कम मोठी, पण ती एका सरकारने दुसऱ्या सरकारला द्यायची. तिथून खाली पीडिताच्या हातात किती उतरते हा पुढचा प्रवास. आपण अनुदाने पाहिलेली माणसे आहोत, मी अधिक बोलत नाही.

या सगळ्यात एक उदाहरण असे आहे की जिथे पैसे खरोखर सामान्य माणसाच्या हातात पडले, आणि त्यात आपलीही माणसे होती. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत बळकावला. तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय अडकले होते. केरळचे, गोव्याचे, कोकणातले, आणि आपल्या भागातलेही. अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी त्यांना परत आणले. माझ्या एका पेशंटचे यजमान तिथे ट्रकवर ड्रायव्हर होते. वाळवंटातून अम्मानला आले तेव्हा अंगावरच्या कपड्यांशिवाय त्यांच्याजवळ काही नव्हते. नंतर संयुक्त राष्ट्रांनी जिनिव्हात एक भरपाई आयोग नेमला. पैसा इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून कापायचा. मोठ्या कंपन्यांच्या आणि सरकारांच्या दाव्यांआधी, देश सोडावा लागलेल्या साध्या माणसांचे दावे हातात घ्यायचे असे त्या आयोगाने ठरवले. फॉर्म सोपा, रक्कम ठरीव. ड्रायव्हरसाहेबांनी फॉर्म भरला आणि विसरून गेले. काही वर्षांनी पैसे आले. मुलीच्या लग्नाला कामी आले, असे त्या मला म्हणाल्या. आयोगाचे काम २०२२ मध्ये संपले. एकंदर ५२ अब्ज डॉलरच्या वर वाटप झाले.

हे तिथे का जमले आणि इतरत्र का जमत नाही? इराक हरला होता, त्याच्याकडे तेल होते, आणि सुरक्षा समितीतल्या पाचही बड्यांपैकी कोणी नकाराधिकार वापरला नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र येणे दुर्मिळ. युक्रेनकडे पाहा. रशिया रोमच्या कायद्यात नाही, म्हणून आक्रमणाच्या गुन्ह्यासाठी हेगचे फौजदारी न्यायालय त्याच्या नेत्यांना हात लावू शकत नाही. त्याने २०२३ च्या मार्चमध्ये पुतिन यांच्यावर वॉरंट काढले ते युक्रेनची मुले उचलून नेल्याच्या आरोपावरून. आक्रमणासाठी वेगळे विशेष न्यायालय असावे म्हणून युरोप परिषद आणि युक्रेन यांनी २५ जून २०२५ रोजी करार केला. ते न्यायालय कोणाला पिंजऱ्यात उभे करील, मला शंका आहे. पण त्याच हेगमध्ये दुसरे एक काम २०२४ च्या एप्रिलपासून चालू आहे, आणि मला ते अधिक मोलाचे वाटते: नुकसानीची नोंदवही. ज्याचे घर पडले, ज्याचे माणूस गेले, त्याने आजच नोंद करायची. पैसे कोण देणार, कधी देणार, काही ठरलेले नसताना. आधी वही, मग न्याय.

आपल्याकडे हा क्रम उलटा झाला, किंवा वही झालीच नाही. कासिम रझवीवर खटला चालला. त्याची शिक्षा टिकली ती बीबीनगरच्या दरोड्याची, सात वर्षे सक्तमजुरी. १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. १९५७ मध्ये तो सुटला आणि पाकिस्तानात गेला. बीबीनगर त्या वेळी नलगोंडा जिल्ह्यात होते. आपल्या गावांचा त्या खटल्याशी संबंध नव्हता. नंतरच्या कत्तलीचा तर अहवालच कपाटात. हेगचे न्यायालय १ जुलै २००२ च्या मागे जात नाही, आणि गेले असते तरी आरोपीही आता उरलेले नाहीत. त्यातच १९५६ ला बिदर जिल्ह्याचे तुकडे तीन राज्यांत वाटले गेले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद इकडे. नोंदी शोधायच्या तर तीन राजधान्या पालथ्या घालाव्या लागतात.

तेव्हा न्यायालयाकडे मागण्यासारखे आपल्यापाशी काही राहिलेले नाही. वही मात्र अजून करता येते, आणि त्यासाठीच मी आज आपल्यापुढे उभा आहे. गोर्ट्याचे स्मारक झाले, चांगले झाले. पण आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या सगळ्या गावांची, मे १९४८ मधलीही आणि ऑक्टोबर १९४८ मधलीही, एकाच वहीत एकाखाली एक नावे असावीत असे माझे म्हणणे आहे. दोन वह्या नकोत. काहींना हे रुचणार नाही. कार्यवाहांना भेटून एक-दोघांनी तसे आधीच सांगितले आहे, “डॉक्टर, आमच्या हुतात्म्यांच्या रांगेत त्यांना कशाला?” हुतात्मा कोण हे ठरवणारी ती वही नव्हे, एवढेच मी सांगेन. केसपेपरवर मी पेशंटची जात लिहीत नाही.

आता अनुमोदनेची गोष्ट. ती माझ्याच घरची आहे. आम्ही सोलापूरहून परतलो तेव्हा गावातल्या मुसलमानांच्या बोळात घरे रिकामी होती. मी त्या वेळी जन्मलेलोही नव्हतो; हे आजीकडून ऐकलेले. बाजारात भांडीकुंडी मातीमोल विकली जात होती. कुठून आली हे सगळ्यांना माहीत होते. आमच्या आजोबांनी कधी मुंगी मारली नाही, सूर्यास्तानंतर पाणी घेतले नाही. त्यांनी एक तांब्याची मोठी देगची घेतली. मांसाहारी घरातली म्हणून ती स्वयंपाकघरात कधी आली नाही; न्हाणीघरात पाणी तापवायला ठेवली. माझ्या लहानपणी त्याच पाण्याने माझी दिवाळीची आंघोळ होत असे. काठावर उर्दूत काही कोरलेले होते. लहानपणी मला ती नक्षी वाटायची.

सुंदरलाल यांचा अहवाल वाचल्यानंतर ती देगची मी माळ्यावरून काढली. चिंच लावून काठ घासला आणि निवृत्त उर्दू शिक्षक असलेल्या एका स्नेह्यांकडे नेली. त्यांनी चष्मा पुसून वाचले: एका माणसाचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव आणि हिजरी साल. मी त्या घराण्याचा शोध केला. बोळात आता त्या नावाचे कोणी नाही. कोणी म्हणाले हैदराबादला गेले, कोणी म्हणाले गेले ते गेलेच.

मंडळाच्या परवानगीने मी एक रजिस्टर आणले आहे. ते बाहेर पुस्तकांच्या टेबलावर आहे. रकाने साधे आहेत: मयताचे नाव, वडिलांचे नाव, गाव, महिना, सांगणाऱ्याचे नाव. पूर्ण माहिती नसेल तर जेवढी असेल तेवढी लिहा. बोगोरोच्या लोकांकडेही पावत्या नव्हत्या. पहिली ओळ त्या बाईंच्या वडिलांची आहे, केसपेपरवरून उतरवलेली. त्यांच्या मुलाची संमती घेतली. दुसरी हुमनाबादच्या त्या गृहस्थांच्या वडिलांची, आणि त्याखाली दोन चुलते. पाचव्या ओळीत देगचीवरचे नाव आहे. ‘गाव’ या रकान्यात आमचे गाव लिहिले आहे, ‘महिना’ रिकामा आहे, आणि सांगणाऱ्याच्या जागी माझी सही.